मालकांनी शेवट फोडला

लॉन्ड्रीवाल्या काकूंनी आयुष्यात एक तरी वाक्य स्वतः पूर्ण केलं आहे, असं शपथेवर सांगणारा माणूस शोधून सापडायचा नाही. माहेरी भावंडं ढीगभर आणि सगळ्यांचे आवाज खणखणीत. काकू मधल्या. "आज ना, शाळेत बाईंनी मला..." एवढं त्यांनी म्हणावं, की थोरल्याने म्हणावं "मारलं असेल", धाकटीने म्हणावं "कोपऱ्यात उभं केलं असेल", आणि मारलं की उभं केलं यावर दोघांची जुंपावी. बाईंनी गोष्ट सांगायला वर्गापुढे बोलावलं होतं, हे सांगायचं राहिलं ते राहिलंच. ते आजतागायत माहेरी कुणाला माहीत नाही.

पुढे लग्न झालं आणि आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. नवरा माणूस सोन्यासारखा, यात वाद नाही. गिऱ्हाईकं त्यांना मालक म्हणतात, आपणही मालकच म्हणू. इस्त्रीवर हात असा, की चुरगळलेला सदरा त्यांच्या टेबलावरून उठला की नव्याने दुकानातून आणल्यासारखा दिसावा. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. खोड म्हणाल तर एकच. बायकोने वाक्य सुरू केलं की ते यांनी संपवायचं.

"अहो, मी काय म्हणते, उद्या सकाळी जरा..."

"दुकान लवकर उघडू. उघडू की, त्यात काय."

काकूंना म्हणायचं असायचं, उद्या सकाळी जरा दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येते. मग त्या तशाच जाऊन यायच्या, आणि मालक आल्यागेल्याला विचारत बसायचे, ही न सांगता गेली कुठे. बरं, यात वाईट हेतू तिळभर नव्हता. बायकोच्या हातातली जड पिशवी अर्ध्या वाटेत घ्यावी तसं ते तिचं वाक्य घ्यायचे. फक्त पिशवी भलत्याच घरी नेऊन ठेवायचे. आणि काकूंनी काय करावं? "तसंच" म्हणून पुढच्या कामाला लागावं.

मुलगीही वडिलांच्या वळणावर गेली. नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायची, रोज फोन करायची आणि रोज स्वतःच बोलून ठेवायची. एकदा कामाच्या गडबडीत ती म्हणाली, "आई, आत्ता नको, तू रेकॉर्ड करून पाठव, मी निवांत ऐकते."

काकूंनी फोन तोंडाशी धरला आणि बोलायला लागल्या. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की फोन मध्ये बोलत नाही. "असेल, असेल" म्हणत नाही. घाईही करत नाही. काकू म्हणजे अशा खूश झाल्या, की मुलीला सांगायचं ते सांगून झाल्यावरही थांबेनात. एक बाई चुकून भलत्याच बसमध्ये चढते, अशी एक गोष्ट त्यांच्या मनात कधीची घोळत होती, तीच त्यांनी सुरू केली. बाईला चूक कळते, पण खिडकीशी जागा मिळालेली असते, वारा छान येत असतो, आणि ती म्हणते, पुढच्या थांब्यावर उतरते. पुढच्या थांब्यावर शेजारी एक म्हातारा येऊन बसतो आणि त्याची हकिगत सांगायला लागतो. ती अर्धवट टाकून कसं उतरायचं?

मुलीने ते ऐकलं आणि बराच वेळ ती काही बोललीच नाही, हे त्या घरात नवीनच होतं. मग तिने ती गोष्ट गोष्टी ऐकवायच्या एका ॲपवर टाकली. गोष्ट सांगणारीचं नाव काय द्यायचं? काकूंनी कळवलं, कोटवाली.

त्याचंही कारण होतं. घरात रेकॉर्डिंग करायची सोय नव्हती. एक तर शेजारचा टीव्ही भिंत नसल्यासारखा ऐकू यायचा, आणि स्वयंपाकघरात आवाज घुमायचा. पण दुकानामागे एक खोली होती. थंडी संपली की लोक आपापले लोकरीचे कोट धुवायला आणून टाकत आणि "आमच्या घरी जागा कुठाय, राहू द्या की" म्हणून पुढच्या थंडीपर्यंत तिथेच ठेवत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दांड्या, आणि दांड्यांवर खांद्याला खांदा लावून कोट. कोटावर प्लास्टिकची पिशवी चढवायची ती गिऱ्हाईक न्यायला आल्यावर. त्या कोटांच्या दोन रांगांच्या मध्ये स्टूल टाकून काकू बसल्या, की बाहेरचा आवाज आत येत नसे आणि आतला घुमत नसे. ऐकणाऱ्यांनी लिहिलं, बाई अगदी कानाशी बसून बोलतात असं वाटतं.

हां हां म्हणता गोष्ट चालायला लागली. दर आठवड्याला एक भाग, दर भागात बसमध्ये एक नवा प्रवासी. कुणी रुसून निघालेला, कुणी लग्न मोडून आनंदात असलेली, कुणी नुसताच बसचा शेवटचा थांबा कसा दिसतो ते बघायला निघालेला. आणि खाली ऐकणाऱ्यांची ही गर्दी. त्यांच्यात दोन तट पडले. एक घरवाले, म्हणजे बाईने आता उतरून मुकाट घरी जावं म्हणणारे. दुसरे बसवाले, म्हणजे बाईने अजिबात उतरू नये म्हणणारे. घरवाले लिहीत, तिचा नवरा उपाशी बसला असेल. बसवाले लिहीत, त्याला हात नाहीत का? या सगळ्यांत एक महाभाग होता. त्याने स्वतःला नाव घेतलं होतं 'रागीट बटाटा', आणि तो दोन्ही तटांशी भांडायचा. बसचा चालक एवढा वेळ न जेवता गाडी कशी चालवतो, इथपासून त्याच्या शंका. काकूंना राग यायचा आणि पुढच्या भागात चालकाला डबा खायला थांबवावं लागायचं. रागीट बटाट्याचा त्यांना मनातून आधारच वाटायचा. एवढं कान देऊन त्यांचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

पण दिवस काय थांबतात होय? उन्हाळा सरला, हवा बदलायला लागली, आणि एकेक गिऱ्हाईक "काकू, कोट काढून ठेवा" म्हणत यायला लागलं. दांड्यांवर खिंडारं पडली. पुढच्या भागाखाली कुणीतरी लिहिलंच, "ताई, विहिरीत उतरून बोलताय का?"

काकू हादरल्या. गोष्ट संपत आली होती, आता एकच भाग उरला होता. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शेवटपर्यंत सांगायचं, तेही नीट, कुणी तोडलं नाही असं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि जन्मात ज्यांनी गिऱ्हाईकाचा एक मोजासुद्धा इकडचा तिकडे केला नव्हता त्या काकू खोटं बोलायला लागल्या. एकाला सांगितलं, बटण सैल आहे, पक्कं करून देते. दुसऱ्याला सांगितलं, अस्तर उसवलंय. समोरच्या इमारतीतल्या वकीलबाई आल्या, त्यांना म्हणाल्या, "एक डाग राहिलाय."

"डाग? कोटावर डाग नव्हता काकू."

"धुतल्यावर दिसायला लागला."

वकीलबाईंनी उलटतपासणी घेतली असती तर काकूंची तिथेच गाळण उडाली असती. पण त्यांना उशीर होत होता, त्यामुळे काकू वाचल्या. मालकांनी मात्र इस्त्रीवरून मान वर केली. "बाहेर गारठा पडत चाललाय आणि तू लोकांचे कोट..."

"देते," काकू म्हणाल्या. "आठवड्याभरात देते." आणि त्या आत गेल्या.

आता मालकांना सगळं माहीत होतं, ही गोष्ट काकूंना माहीत नव्हती. मुलीने त्यांना कधीच ॲप लावून दिलं होतं. कानात इअरफोनची बोंडं घालून, समोर वाफ सोडत, मालक पहिल्यापासून सगळे भाग ऐकत होते. पहिला भाग ऐकला तेव्हा त्यांनी एका पँटला दोनदा घडी घातली. आपली बायको एवढं बोलते? आणि इतकं चांगलं? त्यांना अभिमानाने भरून आलं होतं, पण बायकोला हे कसं सांगायचं ते कळत नव्हतं. दुसऱ्याचं वाक्य संपवायची सवय असलेल्या माणसाला स्वतःचं सुरू करता येत नाही.

तर एका दुपारी मालक शर्ट बाजूला ठेवून खालची भांडणं वाचत होते. शेवटचा भाग लांबला म्हणून लोक वैतागले होते, आणि रागीट बटाट्याने लिहिलं होतं, "बाईंना शेवटच सुचलेला नाही. म्हणून टाळाटाळ चाललीये."

मालकांच्या डोक्यात सणक गेली. माझ्या बायकोला सुचलेलं नाही? एरवी गिऱ्हाईकाने शिव्या दिल्या तरी हसून पावती देणारा हा माणूस, पण त्या दिवशी एका बोटाने, घाम पुसत पुसत त्यांनी लिहिलं: "मी कोटवालीचा नवरा. शेवट आधीच ठरलेला आहे. बस परत फिरते, बाई आपल्या थांब्यावर उतरते. नवरा दारात उभा असतो. दोघं चहा पितात. तरी सर्वांनी शांतता राखावी."

आणि ते समाधानाने पुन्हा शर्टाकडे वळले.

शांतता कसली राहतेय. घरवाले जिंकलो जिंकलो करत नाचायला लागले, बसवाले रुसून गेले. बऱ्याच जणांनी लिहिलं, चला, कळला शेवट, आता ऐकायची गरज नाही. कोटांमध्ये बसून बटण लावता लावता काकूंनी हे सगळं वाचलं. बटण तसंच सुईत अडकून राहिलं.

त्यांना रडू आलं, खोटं कशाला सांगायचं. सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. शेवट मालकांना कुणीही सांगितला नव्हता. तो त्यांनी आपल्या मनाने ठोकून दिला होता, आणि काकूंच्या मनात अगदी तोच होता, चहासकट. एवढी वर्षं ज्या माणसाने त्यांचं प्रत्येक वाक्य चुकीचं संपवलं, त्याने नेमकं हे एकच बरोबर संपवावं? बोलाफुलाला गाठ म्हणतात ती अशीही पडते.

त्या बाहेर आल्या. मालकांनी त्यांचा चेहरा पाहिला आणि इस्त्री उभी केली. "अगं, मी तर तुझ्याच बाजूने..."

"बोलायला गेलात," काकू म्हणाल्या. "माहितीये मला." आपलं वाक्य दुसऱ्याने संपवलं की कसं वाटतं, ते मालकांना पहिल्यांदाच कळलं असावं. कारण ते पुढे काहीच बोलले नाहीत.

काकूंनी मुलीला कळवून टाकलं, गोष्ट बंद. सांगायला काही उरलेलं नाही. आणि मग त्यांनी कोट पिशव्यांत भरायला घेतले. आता अडवून ठेवून करायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी अशी कडाडून पडली, की सगळ्या गावाला एकदमच कोट आठवले. दुकान उघडायच्या आधी बाहेर रांग. हात चोळणारे, नाक ओढणारे, चिडलेले लोक, आणि सगळ्यांच्या पुढे वकीलबाई. काकू मुकाट्याने कोट काढून देत होत्या. माणसं गल्ल्यासमोरच कोट अंगात घालत होती.

वकीलबाईंनी आपला कोट उलटून पालटून पाहिला. "गेला का डाग?"

काकूंना वाटलं, आता पुरे झालं. "डाग नव्हताच," त्या म्हणाल्या. "कुणाचं बटण सैल नव्हतं, कुणाचं अस्तर उसवलं नव्हतं. मला तुमचे कोट हवे होते. कोटांमध्ये बसलं की आवाज घुमत नाही. मी तिथे बसून गोष्ट सांगत होते. चुकले मी. इस्त्रीचे पैसे नका देऊ कुणी."

तेवढ्यात रांगेतून शेजारचा औषधवाला पुढे आला. हा माणूस असा अबोल, की दुकानातही गोळ्यांची किंमत बोटांनी दाखवतो. तो आज घसा खाकरून म्हणाला, "कोटवाली तुम्ही?"

काकूंनी मान हलवली.

"मी बटाटा," औषधवाला म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या. चालकाच्या डब्यावरून एवढं रण माजवणारा तो हा? वर्षानुवर्षं भिंतीपलीकडे बसलेला? एरवी त्यांना हसू फुटलं असतं. "शेवट सुचला नाही असं लिहिलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "सुचला होता. पण तो फुटला आता. परत काय सांगायचा?"

"तो मालकांचा शेवट," औषधवाला म्हणाला. "तुमचा कुठे ऐकलाय आम्ही?"

इस्त्रीच्या टेबलाशी मालक खाली मान घालून उभे होते. मागून कुणीतरी विचारलं, कसली गोष्ट? दोघातिघांनी एकदम सांगायला सुरुवात केली, आणि बघता बघता रांगेतच घरवाले आणि बसवाले निघाले. काकू म्हणाल्या, "अहो, पण आता कोट कुठे राहिलेत? खोली रिकामी झाली. विहिरीतून बोलल्यासारखं होईल."

वकीलबाईंनी कोटाची वरपर्यंत बटणं लावली. "कोट कुठे गेलेत? आमच्या अंगावर आहेत की. चला सगळे आत."

आणि सगळे आत गेले. ज्यांना गोष्ट माहीत होती ते, ज्यांना नव्हती ते, आणि नुसते वाफेच्या उबेला आलेले तेही. दांड्यांखाली माणसं खांद्याला खांदा लावून, दोन रांगा करून उभी राहिली. मध्ये स्टूल, स्टुलावर काकू. काकूंनी एकदा टाळी वाजवून पाहिली. आवाज घुमला नाही. मालकांनी वाफ बंद केली आणि दारात येऊन उभे राहिले.

काकूंनी रेकॉर्डिंग लावून फोन तोंडाशी धरला आणि सांगायला सुरुवात केली. आधी आवाज थरथरला, मग लागला. बस शेवटच्या थांब्यावर पोचली. तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं, एक बाक आणि एक झाड, आणि ते सगळ्यांना फार आवडलं. मग बस वळली. एकेक प्रवासी आपापल्या ठिकाणी उतरला. चालकाने जाताना डबा खाल्ला होता, आता येताना त्याने चहा प्यायला, त्यावर औषधवाल्याने डोळे मिटून मान डोलावली. आणि मग बाईचा थांबा आला. बस थांबली. कंडक्टरने विचारलं, "बाई, उतरायचं ना?"

इथे काकू थांबल्या.

पुढचं वाक्य सगळ्यांना ठाऊक होतं. बाई उतरते. ते ओठांवर घेऊन सगळे उभे होते. मालकांचं तोंड तर उघडलंही होतं. काकूंनी ते पाहिलं. जन्मभर पाहत आलेल्या त्या उघडलेल्या तोंडाकडे त्या पाहत राहिल्या, आणि मालकांनी ते हळूच मिटलं. खोकला आलेल्याने खोकला दाबला. कुणी घड्याळ पाहिलं नाही. कोट गप्प असतात, कारण त्यांना काही म्हणायचं नसतं. इथे प्रत्येकाला काहीतरी म्हणायचं होतं आणि तरी कुणी म्हणत नव्हतं. सगळे काकूंसाठी थांबले होते. एवढा मोकळा वेळ काकूंना कुणी कधी दिला नव्हता, आणि त्या मोकळ्या वेळात ठरलेला शेवट त्यांना एकदम नकोसा झाला.

"बाईने खिडकीतून पाहिलं," त्या सावकाश म्हणाल्या. "थांब्यावर तिचा नवरा उभा होता. सकाळपासून प्रत्येक बस बघत. ती उठायला लागली, तेवढ्यात तो धावत आला आणि बसमध्ये चढला. तिच्या शेजारी बसला. दम लागला होता त्याला. म्हणाला, कुठे कुठे गेली होतीस? ती म्हणाली, ते एका थांब्यात सांगून होणार नाही. तो म्हणाला, मग शेवटच्या थांब्यापर्यंत सांग. कंडक्टरने घंटी मारली, बस निघाली, आणि ती सांगायला लागली."

काकूंनी फोन बंद केला. "झालं," त्या म्हणाल्या.

मग मात्र खोलीत एकच कालवा झाला. घरवाले म्हणत, आम्ही जिंकलो, नवरा भेटला. बसवाले म्हणत, छे, उतरली कुठे ती? रागीट बटाटा म्हणाला, त्या नवऱ्याने तिकीट काढलं का? आणि पुन्हा लाल झाला. वकीलबाईंनी इस्त्रीचे पैसे गल्ल्यावर ठेवले, वर दटावलं, "पुढच्या वर्षी डाग निघता कामा नये." आणि मंडळी भांडत भांडत थंडीत बाहेर पडली.

दुपारी दुकानाचं दार लोटून दोघं जेवायला बसली. मालक नुसताच घास चिवडत होते. शेवटी म्हणाले, "मला हे सुचलं नसतं."

काकू हसल्या. "काहीतरीच."

"खरंच. मी त्याला दारात उभा करून ठेवला होता." मालकांनी पाण्याचा पेला सरळ केला, मग पुन्हा वाकडा केला. "ती त्याला काय सांगते? बसमध्ये?"

"सगळंच."

"सुरुवात कुठून करते?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "एकदा ना," त्या म्हणाल्या, "शाळेत बाईंनी मला..."

मालक गप्प. त्यांनी घास खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि बायकोकडे बघत राहिले. मग काकूंनी सांगितलं. वर्गापुढे उभं राहून कोणती गोष्ट सांगितली, कोण कोण हसलं, घरी येऊन ते कुणाला सांगायचं राहिलं, तिथून पुढचं सगळं. दुपारची दुकान उघडायची वेळ टळून गेली, बाहेर कुणीतरी दार वाजवून निघून गेलं. त्या सगळ्या वेळात मालकांनी तोंड उघडलं ते एकदाच, जांभई द्यायला. आणि तीही हाताने झाकली.